कब्रस्तानातल्या चिंचा

माझ्या आजोळी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कब्रस्तानात चिंचेची सात झाडे होती. आता एक उरले आहे.

चौथीपर्यंत मी नानांकडे राहूनच शिकलो, त्यामुळे चिंचेचा लिलाव दर वर्षी बघायला मिळे. होळीच्या सुमारास, जुम्याची नमाज झाली की मशिदीच्या ओट्यावर कमिटीची चार वडीलधारी माणसे बसत. समोर तीन-चार बागवान. सातही झाडांची चिंच एकत्र बोलीला निघे. रक्कम ठरली की मुनशी वहीत लिहून घेत आणि सगळ्यांना चहा येई. त्या पैशातून मुअज्जिनसाहेबांचा पगार, मशिदीची दिवाबत्ती, रमजानमधली इफ्तारी असे बरेच काही निघत असे. नाना कमिटीत होते. एकदा मी त्यांना विचारले, की या पैशातले झाडांना काय मिळते? त्यांच्या शेजारी बसलेले एक बुजुर्ग मोठ्याने हसले आणि म्हणाले, "झाडां पे कौन खर्चा करता, बाबा? उनों तो अल्लाह के भरोसे पे खडे हैं."

सगळे हसले. मीही हसलो.

नाना गेल्यानंतर काही वर्षांनी, जूनच्या पहिल्या वादळात, भिंतीकडच्या चिंचेची एक मोठी फांदी शेजारच्या घरावर पडली. पत्रे चेपले, दोन शेळ्या मेल्या. माणसे दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाचली. नुकसानभरपाई मशिदीच्या शिलकीतून द्यावी लागली. पुढच्याच बैठकीत ठराव झाला की झाडे धोकादायक आहेत. सहा झाडे कापली गेली, लाकूड वखारीत गेले आणि त्या पैशातून कंपाउंडची भिंत उंच झाली. मामूंनी फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज समाधानाचा होता. जबाबदारीचे काम वेळेत केल्यासारखा.

झाडे धोकादायक झाली होती हे खरेच आहे. पण ती पडलेली फांदी आम्हा पोरांच्या चांगली ओळखीची होती. ती आमच्या लहानपणापासून वाळलेली होती. तिच्यावर घार बसायची. खाली खोडाला ढोली होती, त्यात आम्ही गोट्या लपवायचो. वरच्या दोन फांद्यांवर बांडगूळ माजले होते. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे ते झाड सगळ्यांना दिसेल अशा रीतीने सांगत होते. आम्ही त्याची चिंच तेवढी खात होतो.

हा लेख त्या सहा झाडांमुळे सुचला. झाड लावण्याच्या पुण्याबद्दल आपण खूप बोलतो. मीही बोलतो. दर 5 जूनला शाळेच्या फलकावर त्या दोन प्रसिद्ध हदीस माझ्याच अक्षरात असतात. एकीचा आशय असा, की मुसलमानाने लावलेल्या झाडातून माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने काही खाल्ले तर ते त्याच्या नावावर सदका म्हणून लिहिले जाते. दुसरीचा आशय, की कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असले तरी ते लावून टाकावे. सुंदरच आहेत त्या. पण मुसनद अहमद या संग्रहात आणखी एक रिवायत आहे, ती मी कुठल्याच फलकावर पाहिलेली नाही. तिच्यात झाड लावणाऱ्याला सवाब सांगितला आहे, पण मध्ये एक अट आहे: त्याने सबुरीने झाडाची राखण केली पाहिजे आणि फळ येईपर्यंत त्याची निगा राखली पाहिजे. लावणे हे एका सकाळचे काम. पुढचे काम वर्षानुवर्षांचे असते, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून बहुधा ही रिवायत मागे पडली.

चिंचेला अरबीत 'तमर हिंदी' म्हणतात, हिंदुस्थानी खजूर. इंग्रजी 'टॅमरिंड' हा शब्द त्यातूनच आला. चिंचेचे मूळ आफ्रिकेतले, पण अरब व्यापाऱ्यांना ती आपल्या किनाऱ्यावर भेटली आणि तिचा काळसर चिकट गर पाहून त्यांना घरची खजूर आठवली. तेव्हा आपल्या चिंचांचे प्रकरण समजून घ्यायला खऱ्या खजुरीपासून, म्हणजे मदिनेपासून, सुरुवात करायला हरकत नाही.

मदिना हे खजुरीच्या बागांचे गाव होते. खजुरीचे नर आणि मादी झाड वेगळे असते, आणि भरपूर फळ हवे तर नराचा परागकण माणसाने झाडावर चढून मादीच्या फुलोऱ्यात घालावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून आले, जिथे शेती नव्हती. हे काम पाहून, याची काही गरज आहे असे वाटत नाही, अशा अर्थाचे काही ते बोलले. लोकांनी काम सोडून दिले आणि त्या वर्षी फळ कमी आले. तेव्हा त्यांनी सांगितले, की तुमच्या दुनियेच्या कामांत तुम्ही जास्त जाणता. ही हदीस आपल्याकडे धर्म आणि विज्ञान या वादात दोन्ही बाजूंनी वापरली जाते. मला त्यातली साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: एक हंगाम निगा चुकली आणि एका हंगामाचे फळ गेले. झाड अल्लाहच्या भरोशावर उभे होतेच. फळ मात्र माणसाच्या चढण्यावर अवलंबून होते.

या कष्टाला तिथल्या कायद्यात किंमत होती. खजुरीची बाग विकली आणि विक्रीच्या आधी परागीकरण झालेले असले, तर त्या वर्षीचे फळ विकणाऱ्याचे, वेगळी अट घातली नसेल तर. ज्याने मेहनत केली त्याचा हक्क, जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली तरी. मालमत्तेच्या व्यवहारात 'झाडावर हात फिरवला होता का' हा प्रश्न विचारला जात होता, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि झाडाचा मालक म्हणजे सर्वेसर्वा असेही नव्हते. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. एका सहाबींचे खजुरीचे झाड दुसऱ्या एका अन्सारींच्या बागेत होते. झाडाच्या निमित्ताने त्यांचे वेळी-अवेळी जाणे-येणे होई आणि बागेत राहणाऱ्या कुटुंबाला त्रास होई. अन्सारींनी झाड विकत मागितले, बदल्यात दुसरे देऊ केले. मालक ऐकेनात. प्रेषितांनी (स.) त्यांना विकायला, बदलून घ्यायला, शेवटी सवाबाच्या बोलीवर देऊन टाकायला सांगितले. तरी नकार. तेव्हा त्यांनी अन्सारींना ते झाड उपटून टाकायची परवानगी दिली. शेजाऱ्याला त्रास देण्याचा हक्क मालकीत येत नाही, हे तत्त्व पुढे फिक्हमध्ये म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात पक्के झाले. तुर्कस्तानात 1869 ते 1876 या काळात उस्मानी सरकारने 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार केली. तिच्यात शेजाऱ्याच्या अंगणात गेलेल्या फांद्यांवर स्वतंत्र कलम आहे. शेजारी मालकाला सांगू शकतो, की फांद्या बांधून घे नाहीतर छाट. पण माझ्या पिकावर तुझ्या झाडाची सावली पडते म्हणून झाडच काढ, असे मात्र सांगता येत नाही. आमच्या सोसायटीत हे कलम फ्रेम करून लावावे असे मला कितीदा वाटले आहे.

आता खैबर. इसवी सन 628 मध्ये खैबरच्या खजुरीच्या बागा मुसलमानांच्या ताब्यात आल्या. नवे मालक लढवय्ये आणि व्यापारी, बागा सांभाळायला ना सवड ना हात. जुने यहुदी बागायतदार म्हणाले, आम्हाला इथेच राहू द्या, आम्ही बागा बघतो. अर्ध्या उत्पन्नावर करार झाला आणि तो हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीपर्यंत चालला. फळ झाडावर असताना अंदाज बांधायला अब्दुल्लाह बिन रवाहा (र.) जात. एकदा त्यांना बायकांचे दागिने देऊन अंदाज कमी करून घेण्याचा प्रयत्न झाला, तो त्यांनी झिडकारला. या नमुन्यावरून 'मुसाकात' हा करार कायद्यात आला. झाडे मालकाची, निगा कामकऱ्याची, फळ वाटून.

इमाम अबू हनीफा यांना हा करार मान्य नव्हता, कारण मजुरी अनिश्चित राहते. त्यांचेच दोन शिष्य, अबू युसूफ आणि मुहम्मद, यांनी तो मान्य केला आणि हनफी पंथात पुढे शिष्यांचेच मत चालले. मदिनेचे इमाम मालिक तर खजुरीच्या सावलीत वाढलेले. त्यांच्या 'मुवत्ता'मध्ये मुसाकातवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात कामकऱ्याने काय काय करायचे याची यादी दिली आहे: कुंपण घट्ट करणे, झऱ्याचा गाळ काढणे, पाण्याच्या चाऱ्या साफ करणे, परागीकरण, वाळलेल्या झावळ्या कापणे, फळ उतरवणे. नवी विहीर खोदण्यासारखा मोठा खर्च मात्र त्याच्यावर टाकायचा नाही, तो मालकाचा. इमाम मालिक 795 मध्ये वारले. बाराशे वर्षांपूर्वी वाळक्या झावळ्या कोणी कापायच्या हे करारात ठरत होते, आणि आमच्या लिलावाच्या वहीत दर वर्षी फक्त रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव.

पण वक्फच्या झाडांना याहून जवळचा नियम लागू होतो, आणि तो माहीत नसल्याची मला खरी खंत आहे. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावाने कायमची बांधून ठेवलेली मालमत्ता. ती विकायची नाही, तिचे उत्पन्न तेवढे ठरलेल्या कामाला वापरायचे. फरगाण्याचे बुरहानुद्दीन मरगीनानी बाराव्या शतकात 'हिदाया' लिहून गेले. हा हनफी कायद्याचा पायाग्रंथ, ज्याचा चार्ल्स हॅमिल्टनने केलेला इंग्रजी अनुवाद 1791 मध्ये निघाला आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत वापरला गेला. त्यात म्हटले आहे, की वक्फच्या उत्पन्नातून सर्वात आधी खर्च त्या मालमत्तेच्या देखभालीवर व्हायला हवा, वक्फ करणाऱ्याने तशी अट लिहिली असो वा नसो. कारणही दिले आहे. देणाऱ्याला ते दान कायम चालू राहायला हवे होते, आणि देखभालीशिवाय कायम काही चालत नाही. घर कुणाला राहण्यासाठी वक्फ केले असेल तर डागडुजी राहणाऱ्याने करायची. त्याने केली नाही तर काजीने घर भाड्याने द्यावे, भाड्यातून दुरुस्ती करावी आणि मग घर त्याला परत द्यावे.

म्हणजे रांगेत पहिला नंबर मालमत्तेचा स्वतःचा. मुअज्जिनचा पगार त्यानंतर, दिवाबत्ती त्यानंतर, इफ्तारी त्याच्याही नंतर. या देखभालीला अरबी ग्रंथांत 'इमारत' हा शब्द आहे. उर्दूत आणि मराठीत आपण इमारत म्हणजे बांधलेले घर समजतो, पण मुळात त्याचा अर्थ वसते ठेवणे, नांदते ठेवणे असा आहे. 'आबाद' जवळ जाणारा. घर पडू न देणे ही इमारत, आणि झाड मरू न देणे हीसुद्धा इमारतच.

झाडे यात येतात का, असा प्रश्न पडेल. उत्तर आपल्याच मातीत पुरलेल्या बादशहाच्या काळातले आहे. औरंगजेबाने विद्वानांचे मंडळ बसवून 'फतावा-ए-आलमगिरी' तयार करून घेतला. त्याच्या राजकारणाबद्दल ज्याला जे मत ठेवायचे ते ठेवावे, हा ग्रंथ त्याने स्वतः लिहिलेला नाही, आधीच्या पाच-सहाशे वर्षांच्या निवाड्यांचे ते संकलन आहे. त्यात वक्फ जमिनीतल्या खजुरीबद्दल म्हटले आहे, की झाडे नष्ट होतील अशी भीती वाटली तर व्यवस्थापकाने वक्फच्याच उत्पन्नातून नवी रोपे घेऊन लावावीत, म्हणजे परंपरा तुटणार नाही, कारण काळ गेला की झाड खराब होतेच. कब्रस्तानातल्या मोठ्या झाडांवर तर वेगळी चर्चाच आहे. झाडे कब्रस्तान होण्याआधीची की नंतरची? लावणारा माहीत आहे का? माहीत असेल तर झाडे त्याची. आपोआप उगवलेली असतील तर निर्णय काजीचा, आणि विकायची ठरली तर पैसा कब्रस्तानाच्याच देखभालीला. आमच्या ओट्यावर बसणाऱ्या चार बुजुर्गांनी यातला एकही प्रश्न कधी विचारला नसेल. ते अप्रामाणिक नव्हते. एक पैसा कुणी खाल्ला नाही. त्यांना फक्त वाटत होते की झाडाला काही लागत नाही.

कायदा झाला, आता हुन्नर. बाराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये, सेव्हिल शहरात, इब्न अल-अव्वाम नावाचा एक शेतकरी-लेखक होऊन गेला. त्याचे 'किताब अल-फिलाहा' हे शेतीवरचे प्रचंड पुस्तक आहे. त्यात साडेपाचशेहून अधिक वनस्पतींची माहिती आहे आणि कलम बांधणे, छाटणी, झाडांचे रोग यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तो बाबिलोनच्या, ग्रीकांच्या, रोमच्या जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि मग सेव्हिलजवळच्या डोंगरपट्टीत स्वतः करून काय दिसले ते वेगळे सांगतो. मला हा माणूस आवडतो. 'ग्रंथात असे आहे' आणि 'माझ्या बागेत असे झाले' यातला फरक त्याने मिटू दिला नाही.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे. दौलताबादचा किल्ला मोगलांनी 1633 मध्ये घेतला. त्या वेढ्यात सेनापती महाबत खानाचा मुलगा अमानुल्ला हुसेनी, म्हणजे खान-ए-जमान, लढत होता. हा सरदार हकीमही होता आणि लेखकही. 1637 मध्ये तो वारला, आणि मागे 'गंज-ए-बादआवर्द' नावाचा फारसी संग्रह ठेवून गेला, ज्यात बागाईतीचा मोठा भाग आहे. दारा शिकोहच्या नावावर सांगितले जाणारे 'नुस्खा दर फन्न-ए-फलाहत' हे पुस्तक मुळात याच संग्रहातून उतरले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद रजिया अकबर यांनी केला, तो 2000 साली सिकंदराबादहून निघाला. तोफा आणि सुरुंग यांच्यात आयुष्य घालवलेला माणूस झाड कसे लावावे, कसे जोपासावे हे लिहून ठेवतो, आणि त्याचे नाव आमच्या भागातल्या एकाही शाळकरी मुलाला माहीत नसते. किल्ल्याच्या सहलीला मी मुलांना नेतो तेव्हा चांदमिनारच्या सावलीत बसून ही गोष्ट सांगतो. मुले डबे उघडत असतात, पण एखादे ऐकते.

या सगळ्याची खूण भाषेत राहिली आहे. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे एक शब्द मला नेहमी थांबवतो: कलम. उर्दूत ती लेखणी. मराठीत आंब्याचे कलम आणि कायद्याचेही कलम. उर्दूत पुन्हा 'कलम करना' म्हणजे छाटून टाकणे. बोरू तासण्यासाठी वेत जसा तिरपा कापतात तसाच तिरपा काप कलम बांधतानाही घ्यावा लागतो. तसाच 'बहार'. फारसीत तो वसंत. आमच्या जालन्याकडच्या मोसंबीवाल्याला विचारा, तो म्हणेल आंबे बहार धरला की मृग बहार? बहार 'धरायचा' म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, वाळकी काडी काढायची, आळी चाळायची, खत घालायचे आणि मग पाणी सोडायचे. बहार आपोआप येत नाही, तो धरावा लागतो, हे त्या क्रियापदातच आहे. आणि बागवान? बाग राखणारा. आज महाराष्ट्रातला बागवान समाज मुख्यतः फळांच्या व्यापारात आहे. नावातले बागेचे काम मागे पडले, बोलीचे काम राहिले. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. बाग ज्याची, तोच ती राखायला कुणाला सांगत नाही.

मराठी राज्यव्यवहारातही झाड ही मोजलेली, मानलेली मालमत्ता होती. जुन्या इनामपत्रांत जमिनीबरोबर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण यांचा उल्लेख ठरलेला असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे आणावे ते सांगताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. हा उतारा पर्यावरण दिनाला सगळीकडे वाचला जातो. पण त्यात 'लेकरांसारखी वाढवली' हा भाग मालकाबद्दल आहे. सरकारने हात लावू नये, कारण कुणीतरी आधीच हात लावून ठेवला आहे, रोज, अनेक वर्षे.

आज आपले हात दोनच वेळा झाडाला लागतात, लावताना आणि तोडताना. मधल्या काळात जे होते ते बहुतेक वेळा निगेच्या नावाखाली केलेली मोडतोड असते. विजेच्या तारेसाठी, पार्किंगसाठी, 'ऊन येऊ दे' म्हणून झाडाचा शेंडाच उडवतात. असे बोडके केलेले झाड घाबरून फुटते. त्या कापापाशी फुटलेल्या दहा-बारा फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि पाच-सात वर्षांनी वादळात त्याच पडतात. फांदी खोडाला अगदी घासून कापणेही तितकेच वाईट. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आत काय होते ते पाहिले, आणि 1970-80 च्या दशकांत छाटणीची जगभरची रीत बदलली. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून सडणे कोंडून टाकते. ही भिंत घालण्याची ताकद फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळीत असते. ती वळी ठेवून कापायचे. जड फांदी असेल तर आधी थोडे पुढे खालून खाच द्यायची, मग वरून कापायचे, म्हणजे साल सोलत खाली येत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट वळीपाशी काढायचा. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा उपयोग नसतो, असेही शायगो यांनी दाखवले. फळझाडांच्या छाटणीनंतर आपली कृषी विद्यापीठे मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावायला सांगतात, ती बुरशीसाठी, ती वेगळी गोष्ट.

घरमालकाच्या दृष्टीने हिशेब अवघड नाही. वाळकी फांदी पावसाळ्याआधी काढायला एका माणसाची दोन दिवसांची मजुरी लागते. तीच जूनमध्ये पडली तर पत्रे, भिंत, गाडी, आणि कधी याहूनही मोठे काही. बांडगूळ लहान असताना फांदीसकट निघते. माजले की अर्धे झाड जाते. बुंध्याला सिमेंटने आवळले की मूळ गुदमरते आणि बाहेरून हिरवे दिसणारे झाड एके दिवशी मुळासकट आडवे होते. दिल्लीत याच कारणाने राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितले होते. आमच्या कब्रस्तानात चिंचेभोवती फरशी बसवली गेली ती 'सुशोभीकरण' म्हणून.

कायदाही लक्षात ठेवावा. शहरात 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली झाड तोडायलाच नव्हे, मोठी छाटणी करायलाही आधी महापालिका किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. शहराबाहेर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, जांभूळ, फणस आहेत आणि चिंचही आहे. म्हणजे स्वतःच्या जमिनीतली चिंचसुद्धा विचारल्याशिवाय तोडता येत नाही. सहा झाडांची परवानगी होती का, असे मी मामूंना विचारले. ते म्हणाले, "वो वखारवाले ने देखा होगा ना."

सातवे झाड वाचले, कारण ते आत, नानांच्या कबरीच्या बाजूला आहे आणि तिथून ट्रॅक्टर वळत नव्हता. गेल्या वर्षी रजबमध्ये मी गेलो तेव्हा त्याच्यावरही बांडगूळ होते आणि दोन फांद्या वाळल्या होत्या. मामू आता कमिटीत आहेत. त्यांना मी 'फतावा-ए-आलमगिरी'ची उर्दू प्रत उघडून ती पाने दाखवली. बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "मौलानासाब को पूछते." मौलानासाहेबांनी वाचले आणि म्हणाले की यात विचारण्यासारखे काय आहे, हे तर हिदायातच आहे.

शेजारच्या गावातून झाडावर चढणारा एक माणूस आणला. त्याला वळी ठेवून कापायचे म्हणजे काय ते मी मोबाइलवर दाखवायला गेलो, तर तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या बापाने असंच शिकवलंय, पण लोकांना सपाट कापलेलं आवडतं." दोन दिवस काम चालले. बांडगूळ उतरवले, वाळके काढले, फरशी बुंध्यापासून हातभर उखडून आळे केले आणि त्यात कब्रस्तानातलाच पाला घातला. साडेसहा हजार रुपये झाले. त्या वर्षी एका झाडाची चिंच नऊ हजारांना गेली होती.

जुने मुनशी आता नाहीत, त्यांचा मुलगा वही लिहितो. त्याने साडेसहा हजारांचा आकडा लिहिला आणि पेन थांबवून विचारले, की कोणत्या खात्यात टाकू, झाडांचे तर खातेच नाही. मामूंनी वही आपल्याकडे ओढली, वरचे रकाने चष्म्यातून एकदा वाचले आणि म्हणाले, "इमारत में डाल."

त्याने 'इमारत खर्च' असे लिहिले.